घसरगुंडीची आवक-नोंद

सगळी भानगड एका शब्दामुळे झाली. तो शब्द म्हणजे ‘कशाला?’, आणि तो मीच बोललो.

त्याचं असं झालं, की आमच्या घरामागे एक अंगण आहे. ऐसपैस वगैरे नाही. पण कपडे वाळत घालायची दोरी, एक गळका नळ आणि मी तीन वर्षांपूर्वी ‘पुढच्या आठवड्यात दुरुस्त करतो’ म्हणून टेकवून ठेवलेली सायकल, एवढं मावूनही बरीच जागा उरते. त्या जागेत मुलांसाठी झोके, घसरगुंडी असं काहीतरी घ्यायचं आमचं ठरलं. (ठरलं म्हणजे बायकोने ठरवलं आणि मला कळवलं.) मुलं दोन. मोठी सात वर्षांची. दिसेल त्यावर चढते म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. कपाट झालं, खिडकीचे गज झाले, माझ्या अंगावर तर ती रोजच चढते. धाकटा चार वर्षांचा आहे. तो चढत नाही. त्याला जे करायचं ते तो जमिनीवर राहूनच करतो, आणि ते काय असतं ते पुढे येईलच.

रविवारी आम्ही चौघं दुकानात गेलो. दुकानाच्या मागे मोकळ्या जागेत नमुने उभे केले होते. मला थक्क व्हायला फारसं काही लागत नाही, हे इथेच सांगून टाकतो. लिफ्ट बरोबर आपल्या मजल्यावर थांबली तरी मी मनातल्या मनात तिचे आभार मानतो. तर तिथे चक्क तीन बुरुजांचा लाकडी किल्ला उभा होता. मधून झुलता पूल, बुरुजांवर कौलासारखी छपरं, एक सरळ घसरगुंडी, एक गोल गोल फिरत खाली येणारी. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. माणसाच्या डोक्यात हे येतं, आणि आलेलं उभंही राहतं, या विचाराने मला अगदी भरून आलं.

“अंगण किती आहे तुमचं?” दुकानदाराने विचारलं.

“बऱ्यापैकी आहे,” मी म्हणालो.

“वीस बाय सव्वीस फूट, नळाचा कोपरा सोडून,” बायको म्हणाली आणि तिने पर्समधून चिठ्ठी काढली. ती शिवणकाम करते. माप घेतल्याशिवाय ती कुणाशी नीट ओळखही करून घेत नाही.

“मग हा किल्ला बसेल की!” मी म्हणालो.

तिने एकदा किल्ल्याकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीकडे पाहिलं. “बसेल. आपलं घर पाडलं तर.”

शेवटी एका बुरुजाचा नमुना पसंत पडला. चार खांबांवर मचाण, त्यावर छप्पर, चढायला शिडी, एका अंगाला पिवळीधमक घसरगुंडी आणि दुसऱ्या अंगाला आडव्या तुळईला दोन झोके. आमचं बोलणं होईपर्यंत मुंगी नमुन्याच्या मचाणावर पोचलीसुद्धा होती. “बाबा, इथून सगळं दिसतं!” ती वरून ओरडली.

“माल गुरुवारी येईल,” दुकानदार म्हणाला. “बसवायला आमचा माणूस पाठवू ना?”

आणि नेमकं त्याच क्षणी मुंगीने कठड्यावरून वाकून माझ्याकडे पाहिलं. मुलं एका ठराविक वयापर्यंतच आपल्याकडे तसं बघतात. नंतर त्यांना आपली खरी माहिती मिळते. मुंगीला ती अजून मिळालेली नव्हती, किंवा मिळूनही तिने मनावर घेतलेली नव्हती.

“कशाला?” मी म्हणालो. “मी आहे ना!”

दुकानदाराने माझ्या हातांकडे पाहिलं. (मी आवक-जावक विभागात कारकून आहे. माझ्या हाताला जो एकमेव घट्टा आहे तो पेनाचा आहे.) मग त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने मापाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. घरी आल्यावर तिने शिलाईच्या वहीत काहीतरी टिपलं आणि ती मशीनवर बसली. शाळेच्या बँडचे अठरा कोट तिच्याकडे शिवायला आले होते, त्याचंच काहीतरी असेल असं मला वाटलं.

सोमवारी मुंगी शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, मी वर्गात सांगितलं. तू स्वतः घसरगुंडी बांधणार आहेस म्हणून.”

“शाब्बास!”

“कुणाला खरं वाटलं नाही.”

आता यात वर्गाचा दोष नव्हता. गेल्या वर्षी पालकांनी वर्गसजावटीला मदत करावी अशी चिठ्ठी आली होती. मी उत्साहाने गेलो आणि वर्गातला सूचनाफलक भिंतीवर ठोकून आलो. फलक दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई ‘शांतता’ म्हणाल्या त्याच क्षणी, खाली आला. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून त्या वर्गात काहीही पडलं, अगदी पेन्सिल पडली तरी, मुलं ‘मुंगीचे बाबा आले’ म्हणतात.

“मॉनिटर म्हणाली, तू थापा मारतेस,” मुंगी सांगत होती. “मग मी सगळ्यांना बोलावलं. रविवारी चार वाजता. अकरा जण येणार आहेत.” आणि मग जरा हळू आवाजात, “होईल ना रे तोपर्यंत?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “झालंच समज.” त्या रात्री मला जेवण नीट गेलं नाही.

गुरुवारी माल आला. पाच खोकी, प्रत्येक खोकं माझ्याहून लांब. मी शुक्रवारची रजा टाकली, सकाळी आंघोळ करून अंगणात सतरंजी पसरली आणि खोकी उघडली. काय तो लाकडाचा वास! आणि काय त्या वस्तू! लांब, आखूड, जाड, बारीक, भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या. ही सगळी लाकडं एकमेकांना ओळखतात आणि योग्य जागी ठेवली की त्यांची घसरगुंडी होते, हे मला केवळ अद्भुत वाटलं. मी पाच मिनिटं नुसता हात जोडून बसलो होतो.

मग माझं लक्ष तुकड्यांवर चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठ्यांकडे गेलं. एकावर ‘एफ-७’, त्याच्या शेजारच्यावर ‘सी-३’, त्याखाली एकदम ‘के-१२’. काही क्रम नाही, शिस्त नाही! बावीस वर्षं मी आवक विभागात काढली आहेत. बाहेरून आलेला कागद कोणताही असो, कुणाचाही असो, त्यावर पाठवणाऱ्याने काय वाटेल तो नंबर टाकलेला असो. आमच्याकडे आला की त्याला आमचा नंबर पडतो. एक, दोन, तीन, चार, ज्या क्रमाने आला त्या क्रमाने. साहेब बदलतात, टेबलं बदलतात, पण नंबर बदलत नाही. या पद्धतीमुळे बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. (सापडलेले नाहीत असे काही आहेत, पण गहाळ एकही नाही.)

तेव्हा मी काय केलं असेल हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी सगळ्या चिठ्ठ्या नखाने सोलून काढल्या. ओल्या फडक्याने लाकडं पुसली, मार्करने प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात आवक क्रमांक टाकला आणि नव्या कोऱ्या रजिस्टरमध्ये नोंद केली. क्रमांक १ : कागद, एक, किरकोळ. दप्तरी दाखल. क्रमांक २ : लाकूड, लांब, एक. क्रमांक ३ : लाकूड, त्याहून थोडं कमी लांब, एक. क्रमांक ४ : लाकूड, क्रमांक दोनसारखंच, पण भोकं जास्त. दिवस मावळायला आला तेव्हा मी शेवटची नोंद केली. एकशे बेचाळीस वस्तू, एकही खाडाखोड नाही. कमरेचे टाके ढिले झाले होते, पण असं समाधान मला ऑफिसातही क्वचितच मिळालं आहे.

“झालं?” बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. गळ्यात मापपट्टी, तोंडात टाचण्या.

“नोंद झाली!”

“हं,” ती म्हणाली. टाचण्या तोंडात असल्या की ती एवढंच म्हणते, आणि बऱ्याचदा ते पुरतं.

शनिवारी सकाळी मी बांधकामाची पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘एफ-७ हा सी-३ ला जोडा.’

मी एफ-७ शोधू लागलो. नंतर माझ्या लक्षात आलं, की एफ-७ नावाची वस्तू आता जगात उरलेली नाही.

पण चिठ्ठ्या तर होत्या! मी काढून वाटीत ठेवल्या होत्या. वाटी रिकामी होती. मी घरात गेलो. धाकटा जमिनीवर बसून अत्यंत मन लावून काम करत होता. के-१२ दाराला लागली होती. बी-वाल्या सगळ्या चिठ्ठ्या एका रांगेत बँडच्या सतराव्या कोटावर होत्या. सी-३ फ्रिजवर होती, आणि पुष्कळ शोधाशोध केल्यावर एफ-७ खुद्द धाकट्याच्या पोटावर सापडली. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे जायचं तर धाकट्याला आधी फ्रिजला जोडायला हवं होतं.

मी डगमगलो नाही. चित्र समोर होतं, लाकडं समोर होती, डोकं शाबूत होतं. (असा माझा त्या वेळी समज होता.) लांब लाकडं उभी, आखूड आडवी, असा साधा हिशेब धरून मी बोल्ट पिळायला सुरुवात केली. मुंगी पायरीवर बसून बघत होती. शेजारचे ड्रायव्हरकाका कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होते. काकांनी चाळीस वर्षं बस चालवली. आता निवृत्त आहेत, पण जगात कुठेही काही हलत असलं की ते त्याला दिशा दिल्याशिवाय राहत नाहीत.

“येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे मारा... बास!” ते म्हणत होते आणि मी मारत होतो.

बारा वाजेपर्यंत काहीतरी उभं राहिलं. चार खांब होते, वर छप्पर होतं. शिडी होती, पण ती वर जाऊन छपराच्या बाहेरच्या बाजूला संपत होती. घसरगुंडी मी नाइलाजाने आडवी ठेवली होती. मी चार पावलं मागे गेलो आणि बघितलं. खरं सांगतो, तरीही मला भारी वाटलं. काल जिथे काही नव्हतं तिथे आज काहीतरी होतं, आणि ते माझ्या हातचं होतं.

“स्टॉप झकास झालाय,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “बसायला बाकडंसुद्धा केलंत. गाडी कुठली लागणार?”

मी उत्तर द्यायला वळलो, तेवढ्यात मागे कुर्रर्र असा आवाज झाला. तो स्टॉप पडला नाही; पडला म्हणणं अन्याय होईल. तो सावकाश, कुणाला त्रास न देता, एका बाजूला कलत कलत खाली बसला. छप्पर सगळ्यात शेवटी आलं आणि सायकलीवर विसावलं.

धाकट्याने टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरकाकांनी, मोठ्या मनाचा माणूस, तोंड फिरवून आपल्या घराकडे पाहिलं. आणि मुंगी ‘मुंगीचे बाबा आले’ असं काही म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते आणि ते वाहू नयेत म्हणून ती वर आभाळाकडे बघत होती.

“अकरा जण येणार आहेत, बाबा,” ती म्हणाली. मग उठली आणि घरात गेली. मला आतून तिचा आवाज आला, “आई, आता ये.”

मी त्या ढिगाशेजारी उकिडवा बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नंबरांचा राग आला.

बायको बाहेर आली. अठरावा कोट तासाभरापूर्वीच पुरा झाला होता. ती ढिगाभोवती एक चक्कर मारून आली. कुणी फाटका कोट आणून टाकला की ती जशी बघते, तशीच बघत होती; रागही नाही, कौतुकही नाही.

“आधी सगळं उसवा,” ती म्हणाली.

“उसवा?”

“बोल्ट काढा सगळे. चुकीच्या शिवणीवर शिवण घालायची नसते. आणि चित्र द्या इकडे. पुस्तक नको, नुसतं चित्र.”

मी उसवायला बसलो. तिने चित्र पायरीवर ठेवून त्यावर कात्री ठेवली आणि मापपट्टी घेऊन लाकडांतून फिरू लागली. “जोड्या लावा आधी. डावी बाही, उजवी बाही असतेच. हे दोन सारखे, पण भोकं उलट्या बाजूला, म्हणजे समोरासमोर येणार. याला टोकाला तिरका काप आहे, म्हणजे हा खांद्याकडचा, छपराखालचा. ही खाच कशासाठी पाडली असेल? उगाच कोण कापड कापतं?” ती बोलत होती, खडूने खुणा करत होती, आणि बघता बघता ढिगाचं पुढा, पाठ, बाह्या, कॉलर झालं. पुढा, पाठ म्हणजे खांब, बाह्या म्हणजे झोक्याचे पाय आणि कॉलर म्हणजे छप्पर. सगळं सतरंजीवर आडवं मांडलं होतं, आणि ते चित्रासारखं दिसत होतं.

मी थक्क झालो. लिफ्टबद्दल होतो तसा नव्हे, आतून हललो. अकरा वर्षं ही बाई माझ्या शेजारच्या खोलीत कापडाच्या सपाट तुकड्यांतून माणसांचे आकार काढत होती, आणि मी त्या खोलीत फक्त ‘चहा झाला का?’ विचारायला जात होतो.

“बघता काय? धरा,” ती म्हणाली.

मी धरलं. ‘धरा’ आणि ‘सोडा’ ही दोन कामं मी त्या दुपारी मनापासून केली.

मध्येच तिला एक शंका आली. “सगळं आलंय ना खोक्यांत? तुमचं रजिस्टर द्या.” मी अभिमानाने दिलं. तिने पहिलंच पान वाचलं. “हा क्रमांक एक काय? कागद, किरकोळ?”

“सगळ्यात वर होता. आपल्या कामाचा वाटला नाही. फाइल केला.”

“आणा.”

मी फाइलमधून कागद आणून दिला. त्यावर लाल, ठळक, माझ्या ऑफिसात कुणाच्याही नजरेतून सुटणार नाहीत अशा अक्षरांत छापलेलं होतं : ‘प्रथम हे वाचा. तुकड्यांवरील चिठ्ठ्या काम पूर्ण होईपर्यंत काढू नयेत.’

बायकोने तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. “ठेवा दप्तरी,” ती म्हणाली. दुसरी कुणी असती तर तिने मलाच दप्तरी ठेवलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही उभारायला घेतलं. बायको टाचण्यांऐवजी तोंडात वायसर धरून शिडीवर, मी खाली खांबाला मिठी मारून, मुंगी बोल्ट मोजून देतेय, ड्रायव्हरकाका भिंतीवरून दिशा देताहेत. खांब सरळ आहे का ते बघायला बायकोने दोऱ्याच्या टोकाला मशीनची बॉबिन बांधून ओळंबा केला. बॉबिन थोडी डुलली आणि स्थिर झाली, खांबाला अगदी समांतर. काकासुद्धा गप्प झाले. मग लोखंडी खुंट्या जमिनीत गेल्या, छप्पर चढलं, झोके लागले आणि पावणेचारला, एकही तुकडा न उरता, अंगणात बुरूज उभा राहिला. तिने तो हाताने जोरजोरात हलवून बघितला. तो हलला नाही. मी हललो, कारण मी अजून खांबाला धरून होतो.

“आता वजन देऊन बघायला हवं,” ती म्हणाली. “पोरं चढायच्या आधी. चढा.”

हे काम मात्र माझ्या योग्यतेचं होतं. मी शिडीवरून वर गेलो आणि मचाणावर उभा राहिलो. मुंगी म्हणाली होती ते खरं होतं. इथून सगळं दिसत होतं. आमचं घर, दोरीवरचे कपडे, काकांच्या डोक्यावरचं टक्कल, पलीकडचा रस्ता, आणि खाली, वर बघणारी माझी तीन माणसं. सहा फुटांवरून जग इतकं नीटनेटकं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

“उतरा आता! चार वाजतील,” खालून हाक आली.

शिडीने उतरायचं तर पाठमोरं उतरावं लागत होतं, आणि पाठमोरं उतरायचं म्हणजे खाली न बघता पाय टाकायचा. मी विचार केला, घसरगुंडी आहे ना! बसलो, दोन्ही कडा धरल्या आणि स्वतःला सोडून दिलं. पहिले दोन फूट मी सुरेख गेलो. तिसऱ्या फुटाला घसरगुंडीची रुंदी आणि माझी रुंदी यांत मतभेद झाले. मी थांबलो. पुढे जाईना, मागे येईना.

“माप घ्यायला हवं होतं,” बायको म्हणाली.

“मागे घ्या! हळू... रिव्हर्स मारा!” ड्रायव्हरकाका भिंतीवर चढले.

आणि फाटक वाजलं. अकरा मुलं रांगेने आत आली. सगळ्यात पुढे दोन वेण्या आणि जाड चष्मा घातलेली मॉनिटर. ती थबकली. तिच्यामागे सगळे थबकले. बुरूज बघून त्यांचे डोळे मोठे झाले, ते वर छपरापर्यंत गेले, मग घसरगुंडीवरून खाली येता येता माझ्यावर येऊन थांबले.

“हे पण सेटमध्येच येतं?” मागून एकाने विचारलं.

धाकट्याला एवढंच निमित्त हवं होतं. तो आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढला, माझ्या मागे आला आणि पाठीत डोकं लावून असा काही रेटला, की मी सुटलो आणि थेट मॉनिटरच्या पायाशी पोचलो.

मी उठलो, पँट झटकली. एकही मूल बुरुजाजवळ गेलं नव्हतं. सगळी चार हात लांब उभी होती आणि छपराकडे संशयाने बघत होती. मॉनिटरने चष्मा वर सरकवला.

“काका, हे खरंच तुम्ही बांधलं?”

मुंगी माझ्याकडे बघत होती, अगदी दुकानात वरून पाहिलं होतं तशी. ‘हो’ म्हटलं असतं तर तिचा शब्द खरा झाला असता, आणि एक अक्षर बोलायला कितीसं लागतं? जिभेच्या टोकावर होतं. पण शिडीशेजारी बायको उभी होती. दोन्ही तळहात लाल झालेले, केसांत लाकडाचा भुसा, गळ्यात मापपट्टी. ती काहीच बोलली नसती, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला ते अक्षर बोलता येईना.

“नाही,” मी म्हणालो. “मी फक्त नोंद केली. बांधलं ते मुंगीच्या आईने.”

 मुंगीकडे बघायचा मला धीर होईना. मला वाटलं, आता कुणीतरी ‘थापाडी’ म्हणणार.

“आईने बांधलंय?” मॉनिटरने खात्री करून घेतली. “मग चढा रे!”

आणि अकराच्या अकरा मुलं बुरुजावर तुटून पडली.

लगेच ढकलाढकली, रडारड सुरू झाली. सगळ्यांना पहिलं जायचं होतं. मुंगी माझ्याजवळ धावत आली. “बाबा, तुझं रजिस्टर आण!” मी धावत आणलं. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा तास. पान उलटलं आणि प्रत्येक मुलाला पुढचा क्रमांक दिला, एकशे त्रेचाळीस ते एकशे त्रेपन्न, मुंगी एकशे चोपन्न, धाकटा एकशे पंचावन्न. शिडीने वर गेलं की आवक, घसरगुंडीने खाली आलं की जावक. “एकशे सत्तेचाळीस!” मी पुकारायचो आणि एकशे सत्तेचाळीस उड्या मारत यायचा. काका ओरडत होते, “पुढे सरका, दारात थांबू नका!” दीड तास एक भांडण नाही, एक खाडाखोड नाही. बावीस वर्षांत माझ्या एकाही कागदाला स्वतःचा नंबर आल्याचा असा आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

सगळे गेल्यावर मुंगी झोक्यावर होती. मी तिच्या शेजारच्या झोक्यावर जपून टेकलो.

“मुंगे, मी खरं सांगून टाकलं. तुझा शब्द खोटा पडला ना?”

“पडू दे,” ती पाय हलवत म्हणाली. “पण बाबा, आई बांधणार आहे असं सांगितलं असतं, तर बघायला कोण आलं असतं?”

“म्हणजे?”

“आईला येतंच ना. ते काय बघायचं? तू बांधणार म्हटल्यावर अकरा जण आले.” आणि तिने मोठा झोका घेतला.

मी घरात आलो. बायको हातांना तेल चोळत बसली होती. मशीनवर तिची शिलाईची वही उघडी होती, कोट द्यायची तारीख बघायला उघडलेली. सहज माझी नजर गेली. गेल्या रविवारची, म्हणजे दुकानात मी ‘कशाला?’ म्हणालो त्याच दिवसाची नोंद होती. तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात : ‘शनिवार दुपार ते रविवार मोकळं ठेवणे. घसरगुंडी. उसवून पुन्हा.’

मी पुन्हा एकदा थक्क झालो. आवाज न करता वही होती तशी ठेवली आणि माझं रजिस्टर उघडलं. एकशे पंचावन्न नंबरच्या खाली एक ओळ रिकामी होती. तिथे सुवाच्य अक्षरात नोंद केली. क्रमांक १५६ : नवरा, एक, किरकोळ. दप्तरी दाखल.